श्रवणधर्म

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला, आणि विवाहसमयी ‘सावधान’ हा उच्चार कानी पडताच बारा वर्षांचा नारायण, म्हणजेच पुढचे समर्थ, बोहल्यावरून निघून गेला, ही कथा या परिसरात आजही श्रद्धेने सांगितली जाते. मंडपातील सर्वांनी तोच उच्चार ऐकला होता. परंतु तो आपल्याला उद्देशून आहे असे एकट्या त्या मुलाला वाटले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, पावसाच्या प्रतीक्षेत वर्षे मोजणाऱ्या या मुलखात राहून मी जहाजांवरील बिनतारी यंत्रचालकांच्या आयुष्याचा विचार करू लागलो, तो या कथेच्या ओढीने. कारण सर्वांच्या कानांवरून जाणारा ध्वनी स्वतःची जबाबदारी मानणे, हेच त्या माणसांचे नियतकर्तव्य होते.

समर्थांचेच नाव धारण करणारी ‘रामदास’ ही आगबोट १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या सकाळी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ खवळलेल्या समुद्रात उलथून बुडाली. सणासाठी घरी निघालेले कोकणचे चाकरमाने, कोळी आणि व्यापारी मिळून सहाशेहून अधिक जीव तिच्याबरोबर गेले. त्या आगबोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईसारखे बलाढ्य बंदर इतके नजीक असूनही, पोहत किनाऱ्याला लागलेल्या माणसांच्या मुखातून वार्ता येईपर्यंत कित्येक तास त्याला या अनर्थाची खबर नव्हती. साह्य करू शकणारे हात असतात, नौका असतात, अंतःकरणेही असतात. परंतु हाक पोहोचविणारा आणि ती झेलणारा माणूस नसला की हे सारे सामर्थ्य निरुपयोगी ठरते, याचे याहून विदारक उदाहरण आपल्या किनाऱ्यावर नाही.

असा माणूस जागेवर असला म्हणजे काय घडते, हे हॅरॉल्ड ब्राइडच्या चरित्रात दिसते. १८९० साली लंडनमध्ये जन्मलेला हा तरुण १९१२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मार्कोनी कंपनीचा बिनतारी यंत्रचालक म्हणून ‘टायटॅनिक’वर जॅक फिलिप्सच्या हाताखाली रुजू झाला. १४ एप्रिलच्या रात्री जहाज हिमनगावर आदळले, आणि कप्तानाने कर्तव्यातून मुक्त केल्यावरही फिलिप्स यंत्रापाशी बसून संदेश पाठवीत राहिला, व ब्राइड त्याच्या शेजारी राहिला. ‘कॅलिफोर्नियन’ हे जहाज साह्याला आलेल्या जहाजापेक्षा कितीतरी जवळ होते. पण त्यावरील एकुलता यंत्रचालक दिवसभराच्या श्रमानंतर यंत्र बंद करून निजला होता, आणि त्यात त्याच्याकडून कोणत्याही नियमाचा भंग झाला नव्हता. साह्याला आलेल्या त्या ‘कार्पेथिया’ जहाजावरील यंत्रचालक हॅरॉल्ड कॉटम मात्र अद्याप निजला नव्हता. एका कानाच्या निद्रेत आणि दुसऱ्याच्या जागृतीत इतके अंतर सामावले होते की, पंधराशे माणसे बुडाली तरी सातशेहून अधिक वाचली. फिलिप्स गेला; उलथलेल्या होडीच्या आधाराने तगलेला ब्राइड पायांना जबर इजा झालेली असतानाही ‘कार्पेथिया’च्या यंत्रापाशी जाऊन बसला आणि वाचलेल्यांची नावे किनाऱ्याला कळविण्यात कॉटमला साह्य करू लागला.

या आपत्तीने जगाला जे शहाणपण दिले, ते १९१४ च्या आंतरराष्ट्रीय करारात आणि पुढील नियमांत उतरले: मोठ्या जहाजांवर अहोरात्र श्रवण असावे अशी ताकीद झाली. पुढे दर तासाला दोनदा, तीन-तीन मिनिटे, संकटसंदेशांच्या लहरीवर सर्वांनी मौन पाळून केवळ ऐकावे असा दंडक रूढ झाला, आणि यंत्रकक्षातील घड्याळांच्या तबकडीवर ती मिनिटे लाल रंगाने अंकित झाली. व्यापार, भाडे, हवामान, खासगी खुशाली, सारे थांबवून, आपल्याहून दुर्बल कोणी बोलू पाहत आहे काय, याची दखल घेण्यासाठी अवघ्या सागरी जगाने ठरावीक वेळी गप्प बसावे, ही तजवीज मला आधुनिक संस्कृतीच्या श्रेष्ठ निर्मितींपैकी एक वाटते. भारतीय खलाशी ज्याला ‘मार्कोनी साहेब’ म्हणत, तो जहाजावरील यंत्रचालक या व्रताचा पुजारी होता. त्याच्या पाळ्यांपैकी बहुसंख्य पाळ्यांत काहीही घडत नसे, आणि काही न घडण्यातही दक्ष राहणे हीच त्याची तपश्चर्या होती.

ब्राइड पहिल्या महायुद्धातही जहाजावर बिनतारी सेवा बजावून अखेर स्कॉटलंडमध्ये स्थायिक झाला, मालाचा फिरता विक्रेता बनला, प्रसिद्धीपासून कटाक्षाने दूर राहिला आणि २९ एप्रिल १९५६ रोजी, सहासष्टाव्या वर्षी, निवर्तला. कॉटमही समुद्र सोडून विक्रेताच झाला. पुढे १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांवर संकटसंदेशांची उपग्रहाधारित स्वयंचलित व्यवस्था सर्वत्र लागू झाली, मॉर्स संकेतांच्या श्रवणाची सक्ती संपली आणि हा पेशाच दप्तरातून खारीज झाला. यंत्र निजत नाही, म्हणून हा बदल इष्टच आहे. तथापि यंत्राची घंटा वाजल्यावर उठून निघावे लागते ते माणसालाच.

अशा माणसाच्या मरणाचे मोल कसे करावे? त्याने कोणाला अमरत्व दिले नाही. बर्फाळ समुद्रातून वाचलेली ती सातशेहून अधिक माणसे पुढे आपापल्या वेळी, कोणी व्याधीने तर कोणी वार्धक्याने, मृत्यू पावलीच. परंतु त्यांपैकी किती जणांना संसार लाभला, मुले झाली, आणि अखेरीस आपल्या माणसांत देह ठेवता आला! आषाढ अमावास्येला निघालेल्या आमच्या कोकणच्या बांधवांना जे मिळाले नाही, ते साधे, सर्वसामान्य मरण ब्राइड-फिलिप्सांनी आणि कॉटमने परक्यांना मिळवून दिले. रात्रीची वेळ आहे, आपली पाळी संपली आहे, हुकूमही मागे घेतला गेला आहे, अशा घटकेला जो यंत्रापाशी बसून राहतो, त्याच्या भरवशावर उरलेले जग निजत असते. आणि प्रत्येक गावाने, प्रत्येक कचेरीने, प्रत्येक घराने असा निदान एक माणूस तैनात ठेवला पाहिजे, हेच त्याचे खरे स्मारक होय.