अर्धेलीच्या राशीतून उभा राहिलेला पक्ष

पोलादपूरला उतरलो तेव्हा भातकापणी ऐन भरात होती. सावित्रीच्या काठाकाठाने आत गेलो. एका खळ्यावर आजोबा भात झोडत होते. दोन्ही हातांनी पेंढी डोक्यावर न्यायची, फळीवर आपटायची, फिरवून पुन्हा आपटायची. घाम पुसत म्हणाले, "आता सगळं घरात येतं बाबा. आमच्या आज्याच्या वेळी अर्धं इथूनच खोताकडं जायचं. वर वेठ वेगळी."

खोताला, म्हणजे गावच्या वतनदार जमीनदाराला, अर्धे पीक देण्याची ही अर्धेली डोक्यात घेऊनच महाडची एसटी पकडली. चवदार तळ्याच्या बांधीव काठावर उभा राहिलो की 20 मार्च 1927 ची आठवण येणारच. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव 1923 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात झाला, महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले. तरी अस्पृश्यांना पाणी भरता येईना. मग डॉ. आंबेडकर हजारोंसह तळ्यावर आले आणि पाणी प्यायले. त्यासाठी महाडला भरलेली परिषद उभी करायला रामचंद्र मोरे, अनंत चित्रे झटले होते, तर नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीसही पाठीशी होते. दलित आणि सवर्ण असे एका कामाला लागले, ही त्या दिवसाची मोठी कमाई.

हीच माणसे पुढे मतपेटीपर्यंत गेली. 15 ऑगस्ट 1936 ला आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. 1937 च्या निवडणुकीत त्याचे 17 पैकी बहुतेक उमेदवार जिंकले. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातून टिपणीस विधिमंडळात गेले. पाणवठ्याच्या हक्काला आता कुळाच्या हक्काची जोड मिळाली. 17 सप्टेंबर 1937 ला आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि 10 जानेवारी 1938 ला कोकणातली कुळे मुंबईत विधिमंडळावर धडकली. मोर्चात महार होते, कुणबी होते, कम्युनिस्टही सोबत होते. पण बहुमत काँग्रेसचे. विधेयक पुढे सरकले नाही.

मग काळ फिरला. भारताच्या भावी राज्यघटनेविषयीच्या क्रिप्स योजनेच्या वेळी इंग्रज सरकारपुढे शेतकरी-मजुरांच्या पक्षाला किंमत नव्हती, जमातींच्या प्रतिनिधींना होती. म्हणून 1942 मध्ये पक्ष बाजूला ठेवून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन काढणे भाग पडले. कुणबी कुळाला त्यात आपली जागा दिसेना. 1946 च्या निवडणुकीत फेडरेशनची मोठी हार झाली. खोती रद्द करणारा कायदा अखेर 1949 मध्ये आला, तो काँग्रेसच्या राजवटीत.

महाडहून निघताना एक गोष्ट मनात पक्की झाली. एकाच्या पाण्याचे दुःख आणि दुसऱ्याच्या धान्याचे दुःख एका मोर्चात आले, तेव्हा हा पक्ष वाढला. ती गाठ सुटली तेव्हा सत्ता दूर गेली. मागणी मात्र हरली नाही. आज या खोऱ्यात परिवर्तनाचे राजकारण करू पाहणाऱ्याने आधी ती गाठ बांधावी, उमेदवार त्यानंतर शोधावा.