पानगळ की आत्महत्या?

शरीरातील पेशींच्या नियत मृत्यूविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात ‘पेशींची आत्महत्या’ हा शब्दप्रयोग हमखास आढळतो. दर वेळी मी तिथे अडखळतो. भोकरला शिकवणाऱ्या माणसाला हा शब्द अलंकार म्हणून वापरता येत नाही. ज्यांच्या घरात वा भावकीत तो घडून गेला आहे अशी मुले समोरच्या बाकांवर बसलेली असतात.

मूळ संज्ञेत आत्महत्या नाहीच. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी या मृत्यूला ‘अपॉप्टॉसिस’ म्हटले. शब्द सुचवला ॲबर्डीन विद्यापीठातील ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी. त्याचा अर्थ फुलाच्या पाकळ्या वा झाडाची पाने गळणे. (विज्ञानाला भाषेच्या मास्तराची गरज पडल्याचा हा दाखला आपण जपून ठेवावा!) किनवटच्या रस्त्याने शिशिरात सागाखालून गेलेल्याला तो वेगळा समजवावा लागणार नाही. पान टाकण्यापूर्वी झाड त्यातले बरेचसे नत्र परत ओढून घेते. मग देठाशी एक पातळ थर सैल होतो आणि पान सुटते.

पेशीचेही काहीसे असेच. ती आक्रसते, तिच्या लहान लहान पुड्या होतात आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. सूज नाही, दाह नाही. भाजल्याने मरणारी पेशी मात्र फुटते आणि भोवताली आग पसरवते. गर्भातला पंजा आधी वल्ह्यासारखा असतो. मधल्या पेशी गळतात तेव्हा बोटे सुटी होतात. ज्या पेशी गळायचे नाकारतात, त्यांची पुढे गाठ होऊ शकते.

तेव्हा ‘पानगळ’च योग्य. तरी एक गोष्ट मनातून जात नाही. मार्टिन रॅफ यांनी १९९२ साली मांडले, की बहुतेक पेशी जगतात त्या इतर पेशींकडून सतत येणाऱ्या निरोपांवर; निरोप थांबले की धडधाकट पेशीही स्वतःचा शेवट सुरू करते. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘सामाजिक’ हा शब्द आहे. तो वाचून आमच्या भागातली गावे आठवल्यावाचून राहत नाहीत. पण तुलना इथेच थांबवली पाहिजे. गर्भाच्या मज्जासंस्थेत चेतापेशी गरजेहून अधिक जन्मतात, निरोप मोजके असतात, म्हणून पुष्कळशा गळतात. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याविषयी असा हिशेब मांडता येत नाही. निरोप थांबले होते हे खरे; पण तो कुणाला जास्त झालेला नव्हता.