आजोबांच्या कपाटाची गिटार

आजोबांचं शिसवी कपाट बाबा जुन्या बाजारात देणार होते. दाराचं काळं पॉलिश कोपऱ्यात जरा खरवडलं, तर आत लाटाच लाटा! म्हटलं, थांबा, याची इलेक्ट्रिक गिटार करतो.

‘क्वीन’च्या ब्रायन मेनं १९६३ मध्ये वडिलांसोबत घरीच गिटार बनवायला घेतली, मानेला जुन्या फायरप्लेसचं महोगनी वापरलं, हे ऐकवलं. बाबा म्हणाले, "त्याचे वडील इंजिनिअर असतील." होतेच, च्यायला!

फळी जाडीत मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडायची, म्हणजे दोन्ही बाजूंची नक्षी जुळते. चुकलं तर दुसरी फळी नाही. सुतारकाकांनी करवत लावली तेव्हा बाबांनी चक्क डोळे मिटले.

नक्षी जुळली. पण रंधा चालेना. लाटांमुळे रेषा उलटसुलट, कपचे उडतात. मग पॉलिश पेपर आणि माझे तीन रविवार. खरं सांगायचं तर आवाज मुख्यतः तारा नि पिकअपचा, ही हौस डोळ्यांची.

गिटार अजून वाजलेली नाही. बाबा मात्र रोज जेवण झालं की येतात, फळीवर हात फिरवतात आणि "धूळ बसलीय" म्हणून जातात.