बाळहिरड्याच्या मुलखात

आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात, आहुपे-हातविजेच्या बाजूला, उन्हाळ्यात अंगणं बाळहिरड्यानं भरून जातात. कोवळी हिरवी फळं उन्हात वाळून काळीठिक्कर पडतात आणि महादेव कोळी, ठाकर घरांत चार रोख पैसे येतात. हाच हिरडा सहाणेवर उगाळून बाळघुटीत जातो. अशा मुलखातल्या आईचा झाडपाल्यावर विश्वास असणारच. त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

याच भागात एका आईच्या मांडीवर डाऊन सिंड्रोम असलेलं मूल पाहिलं. वर्ष उलटलं तरी ते बसत नव्हतं. काखेत हात घालून उचललं, तर हातातून निसटेल की काय असं वाटावं, इतकं अंग मऊ. तिनं पिशवीतून पावडरीचा डबा काढला. त्यावर वनस्पतींची नावं होती, प्रमाण एकाचंही नव्हतं. "यानं अंग धरंल म्हणत्यात," ती म्हणाली. हृदयाची तपासणी झाली का, असं विचारल्यावर मात्र ती गप्प झाली. तिला तसं कुणी सांगितलंच नव्हतं.

या मुलांत एकविसावं गुणसूत्र जादा असतं, हे १९५९ साली फ्रान्समध्ये उलगडलं. कुठलीही मुळी ते काढून टाकू शकत नाही. मऊ स्नायू त्याच्यासोबतच येतात. जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, अनेकांचं थायरॉइड मंदावतं, आणि वाढ तिथंही अडते. थायरॉइड कमी असेल तर रोजच्या एका लहानशा गोळीला दुसरा पर्याय नाही.

वनस्पतीत काहीच नाही, असं मात्र नव्हे. ग्रीन टीमधला ईजीसीजी हा घटक त्या जादा गुणसूत्रावरच्या एका जनुकाच्या प्रथिनाला आवर घालतो. बार्सिलोनाच्या संशोधकांना २०१६ मध्ये तरुणांच्या आकलनात त्यानं थोडी सुधारणा दिसली. २०२१ मध्ये मुलांच्या चेहऱ्याच्या वाढीवरचा अभ्यास आला. त्यात मुलं थोडीच होती, पण निष्कर्ष विचारात पाडणारा आहे: तीन वर्षांच्या आत ज्यांना हा अर्क मिळाला, त्यांच्या चेहऱ्याची ठेवण इतर मुलांच्या जवळ गेली; किशोरवयात घेणाऱ्यांत मात्र असा परिणाम दिसला नाही. उंदरांत जादा मात्रेनं वाढ बिघडली.

वय आणि मात्रा! आपल्या आज्यांना हे नवं नाही. सहाणेवर उगाळताना कशाचे किती वेढे द्यायचे, बाळ किती महिन्यांचं झाल्यावर ते वाढवायचे, हे त्यांना तोंडपाठ. घुटीची खरी विद्या त्या वेढ्यांत आहे. डब्यातल्या पावडरीला वेढे नाहीत. चमचा भरला की झालं. परंपरेच्या नावानं विकल्या जाणाऱ्या या मालात परंपरेचा विवेकच गळून पडला आहे, याचा मला राग येतो.

मुलाचं अंग धरतं ते फिजिओथेरपीनं. रोज पोटावर झोपवून मान उचलायला लावणं, आधार देऊन बसवणं, यात महिनोन्‌महिने जातात, आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत डाऊन सिंड्रोम आहे. त्याचं पथक अंगणवाडीत येईल तेव्हा मूल दाखवा, पावडरीचा डबाही सोबत न्या, लपवू नका. आणि हृदयाची टूडी इको, थायरॉइड, कान, डोळे या तपासण्या झाल्याशिवाय मुलाच्या तोंडात नवा चमचा घालू नका.