शिडाचे ठिगळ

फाटलेले शीड दुरुस्त करावयाचे म्हणजे फाटल्या जागी मिळेल तितके मजबूत कापड, साधेल तितक्या घट्ट टाक्यांनी बसवावयाचे, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती माझ्या मते वादळाइतकीच शिडांची वैरी आहे. कारण वाऱ्याचा दाब आला असता भोवतालचे जुने कापड ताणते, नवे ताठ ठिगळ मात्र ताणत नाही, आणि तो विषम ताण ठिगळाच्या किनारीशी साठत गेला की पुढचा जोराचा वारा टाक्यांच्या भोकांच्या रांगेनेच शीड फाडीत जातो. म्हणून ठिगळ शिडाच्याच वजनाच्या, शक्य तर थोड्या वापरलेल्या कापडाचे घ्यावे. विणलेले कापड तिरपे ओढले असता फार लांबत असल्यामुळे त्याचे उभे-आडवे धागे शिडाच्या धाग्यांशी जुळवावे. आणि कोपरे गोल कापावे.

डोंबिवलीस शिडांचा काय संबंध, असे पुसणाऱ्याने एकदा मोठागावच्या रेतीबंदरावर उभे राहावे. समोर वाहणाऱ्या उल्हासच्या खाडीवरच, थोडे वर कल्याणास, १६५७ साली ते ठाणे शिवाजी महाराजांच्या अंमलाखाली आल्यानंतर मराठी आरमाराच्या जहाजबांधणीस आरंभ झाला. त्या गलबतांची शिडे सुती कापडाच्या पट्ट्या हातांनी जोडून केलेली असत. आज माझ्याकडे येतात ती मुंबई बंदरातील हौशी नाविकांच्या लहान होड्यांची शिडे. पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर घेतल्या, म्हणजे ती लोकलच्या सामानाच्या डब्यातून घरी येऊन दाखल होतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत घरातील सर्व फरशी त्यांच्या हवाली असते.

पहिले काम धुण्याचे. कापडात मुरलेले मीठ हवेतील ओल ओढून घेते आणि सुती शिडास बुरशी धरते, यास्तव गोड्या पाण्याने ते पुरते काढल्यावाचून दाभणास हात लावू नये. हे दाभण टोकाशी तिधारी असते, पण त्याच्या कडा बोथट केलेल्या असाव्या लागतात, म्हणजे ते धागे न कापता बाजूस सारीत आत शिरते. ते रेटावयास तळहातावर चामड्याची पट्टी बांधतात, जिच्यात खळगे पाडलेली लोखंडी चकती बसविलेली असते. जोर बोटांनी नव्हे, खांद्यापासून द्यावयाचा. दोऱ्यास मधमाश्यांचे मेण लावले म्हणजे तो पाणी धरीत नाही आणि ओढलेला टाका जागचा सरकत नाही.

१९४१ साली इंग्लंडात पॉलिएस्टरच्या धाग्याचा शोध लागला आणि पुढे शिडांतून सूत जवळजवळ हद्दपार झाले. पण या नव्या कापडाचा एक दोष जुन्यात नव्हता. सुताच्या मऊ पोतात टाका रुतून बसतो. पॉलिएस्टरच्या कठीण पृष्ठावर तो उंच राहतो, दोरांना व डोलकाठीला घासतो, उन्हात जळतो, आणि कापड शाबूत असताना शिवण मात्र निकामी होते. अशा वेळी अनेकजण यंत्राकडे धाव घेतात. नव्या शिडाच्या लांब, सरळ शिवणीस यंत्रच उत्तम, हे मी निःसंकोच मान्य करतो. परंतु जीर्ण शिडाचे वय वीतभर अंतरातही सारखे नसते, उन्हाकडची किनार विरलेली आणि मधला भाग अजून दमदार असतो, आणि त्या प्रत्येक ठिकाणी टाक्याचा ताण कमी-अधिक करण्याचा विवेक केवळ हातालाच साधतो.

भर समुद्रात तर हातावाचून दुसरी तजवीजच नसते. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, वाटेत अवघ्या चार बंदरांत थांबून. दोन बंदरांमधल्या तशा दीर्घ पल्ल्यावर शीड फाटले, तर डोलणाऱ्या तक्तपोशीवर बसून दाभणानेच ते सांधावे लागते, आणि सांधताना होडीही हाकावी लागते. म्हणून शीड परत करताना मी मालकास दाभण, मेण लावलेला दोरा आणि त्याच कापडाचा एक तुकडा सोबत देतो, आणि चार टाके माझ्यासमोर घालावयास लावतो. शीड नेहमी गुंडाळून ठेवावे, घडी घालणे भाग पडल्यास ती दर वेळी वेगळ्या जागी घालावी, आणि ठिगळावरून तर कधीच घालू नये, एवढेही त्यास बजावतो.