पाच एचपीचा हट्ट

मार्च सरत आला, की ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून डोंबिवलीजवळच्या पलावापर्यंतच्या सोसायट्यांचे फोन यायला लागतात. मागणी बहुधा ठरलेली: ‘स्विमिंग पूलचं पाणी गढूळ दिसतंय, पंप जुना झालाय, तीन एचपीचा काढून पाचचा टाका.’ मुलांच्या परीक्षा संपायच्या आत काम उरकायचं असतं आणि कमिटीत ठरावही झालेला असतो. पूलचे पंप बसवणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा. पाचचा पंप विकला तर चार पैसे मलाच जास्त सुटतात. तरी मी आधी नाही म्हणतो आणि मग पंपरूमची किल्ली मागतो.

नाही का म्हणतो, त्याचा हिशेब असा. मध्यम सोसायटीचा पूल धरा १५ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल. पाणी झालं १४४ घनमीटर, म्हणजे १ लाख ४४ हजार लिटर. ते सहा तासांत एकदा फिल्टरमधून फिरवायचं तर तासाला २४ हजार लिटर ओढावं लागतं. पाइप, व्हॉल्व्ह आणि वाळूचा फिल्टर यांचा अडथळा मिळून १४ मीटर हेड धरलं, पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली, तर उत्तर अडीच एचपीच्या आसपास येतं. बाजारात त्याच्या पुढचा पंप तीनचा. तीनचा बसवणाऱ्याने हे गणित केलेलं होतं.

त्याच पाइपवर, त्याच फिल्टरवर पाचचा लावला तर पाणी जवळजवळ पावणेदोनपट येईल, असं कमिटीला वाटतं. तसं होत नाही. त्याच पाइपातून दुप्पट पाणी ढकलायचं तर अडथळा चौपट होतो आणि ताकद आठपट लागते. हेच गणित उलटं सोडवलं, की पाच एचपीत पाणी वाढतं जेमतेम १८-१९ टक्के. रोज दहा तास पंप चालवणाऱ्या सोसायटीला महावितरणच्या बिलात महिन्याला पाचशेच्या आसपास युनिटं मात्र जादा मोजावी लागतात. मे महिन्यात गर्दी वाढली, तर मी तीनचाच पंप दहाऐवजी बारा तास चालवायला सांगतो. पाचच्या पंपाने दहा तासांत फिरेल तेवढंच पाणी फिरतं, आणि वीज तरीही कमीच लागते.

‘सहा तास चालवला म्हणजे सगळं पाणी गाळून झालं ना?’ असंही विचारतात. नाही झालं. गाळलेलं पाणी पुन्हा त्याच हौदात, न गाळलेल्या पाण्यात मिसळतं. अमेरिकेत गेज आणि बिडवेल यांनी १९२६ साली याचा हिशेब मांडला. सहा तासांच्या एका फेरीत प्रत्यक्षात ६३ टक्के पाणी फिल्टरमधून गेलेलं असतं, दुसऱ्या फेरीनंतर ८६, तिसरीनंतर ९५. म्हणून तासांत कंजूषी करून एचपीत उधळपट्टी करणं मला पटत नाही. ठाण्याचा मारोतराव शिंदे तरणतलाव किंवा डोंबिवलीच्या सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुलातला तलाव, अशा सार्वजनिक ठिकाणी बॅचमागून बॅच पाण्यात उतरते. तिथे फेऱ्यांचा हिशेब आणखी कडक धरावा लागतो.

मोठ्या पंपाचा खरा त्रास होतो वाळूला. वरच्या हिशेबातल्या पूलला एक मीटर व्यासाचा फिल्टर पुरतो. त्यातून पाणी तासाला तीस मीटर वेगाने खाली उतरतं, तेव्हा बारीक मळ वाळूत अडकतो. वेग वाढवला, की तोच मळ वाळूतून आरपार ढकलला जातो आणि पूल आणखी गढूळ होतो. ओढण्याच्या बाजूला वेगळंच दुखणं असतं. तीन इंची, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत ९० एमएमच्या पाइपात २४ हजार लिटरला वेग सेकंदाला दीड मीटरच्या आत राहतो. बांधकामाच्या वेळी कोणी अडीच इंची टाकून पैसे वाचवले असतील, तर तो आधीच दोन मीटरच्या पुढे गेलेला असतो. तिथे पाचचा पंप लावलात, की त्याला पाणी पुरत नाही, आत वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात आणि डब्यात खडी घालून हलवल्यासारखा आवाज येतो. त्याने इम्पेलरची पाती कुरतडली जातात.

पंपरूममध्ये शिरलो, की मी पहिल्यांदा फिल्टरवरचा प्रेशर गेज बघतो. काच फुटलेली नसली, काटा अडकलेला नसला, तर निम्मं निदान तिथेच होतं. बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळूची धुलाई, केल्या केल्या जो आकडा दिसतो तो मी मार्करने फिल्टरवरच लिहून ठेवतो. त्याच्या वर अर्धा बार चढला, की पुन्हा बॅकवॉश. काटा नेहमीपेक्षा खाली असेल तर पंपाला पाणी मिळत नाही: बास्केट केसांनी भरलेली असते, किंवा कुठून तरी हवा ओढली जाते. पूलच्या इनलेटमधून बुडबुडे येत असतील तर हवाच. बहुतेकदा ती पंपाच्या पारदर्शक झाकणाच्या ओ-रिंगमधून शिरते. ओ-रिंग पुसायची, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवायचं. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं. कित्येक ‘गेलेले’ पंप एवढ्यावर परत आले आहेत.

बॅकवॉशला तीन मिनिटं लागतात आणि त्यात हजार-बाराशे लिटर पाणी गटारात जातं. टँकरवर जगणारी सोसायटी ते तीन आठवडे पुढे ढकलते, मग पंपाला शिव्या देते. त्यांचा राग मला समजतो, पण पाणी वाचवायची ती जागा नव्हे. शॉवर न घेता, डोक्याला चापून खोबरेल तेल लावून उतरणाऱ्यांना अडवा, तिथे खरी बचत आहे. त्या तेलाने वाळूचे गोळे होतात, गोळ्यांच्या मधून पाणी वाटा काढतं, आणि मग फिल्टर आहे आणि नाही यात फरक उरत नाही. अशी वाळू बदलायलाच लागते. एरवी पाचेक वर्षं चालते. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी काय होतं, ते सांगायला नको. रंगलेल्या अंगाने एक जण उतरला तरी चार दिवस फिल्टर भरून येतो.

फिल्टरच्या पाण्याची वाट बदलणाऱ्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा दांडा पंप बंद करूनच फिरवायचा, हे प्रत्येक ऑपरेटरला मी सांगतो. चालू पंपावर फिरवला, की आतलं गॅस्केट फाटतं आणि पूलचं पाणी गुपचूप ड्रेनला जायला लागतं. पाणी रोज का उतरतंय म्हणून लोक टाइल्स उकरतात.

पंप खरोखरच जातो तेव्हा सुरुवात होते मेकॅनिकल सीलपासून. मोटर आणि पंपाच्या मध्ये टपटप दिसली, की सील गेलं. ती टपटप महिनाभर तशीच राहिली तर पाणी पुढच्या बेअरिंगमध्ये जातं, बेअरिंग ओरडायला लागतं, आणि शेवटी वाइंडिंग. सीलचं काम फार खर्चाचं नसतं, वाइंडिंगचं असतं. नवं सील बसवताना कार्बनच्या घासणाऱ्या तोंडाला बोट लावायचं नाही, ग्रीस तर नाहीच. रबराला साबणाचं पाणी पुरतं. आणि बास्केटच्या भांड्यात पाणी भरल्याशिवाय ‘जरा फिरतोय का बघू’ म्हणून स्विच दाबायचा नाही. नवं सील कोरडं चालायला एखादं मिनिटही फार होतं.

शेतावरचा मोनोब्लॉक इथे का चालत नाही, असा प्रश्न निम्म्या कमिट्यांमध्ये एक तरी काका विचारतात, आणि प्रश्न वाजवी आहे. किर्लोस्करवाडीपासून कोइमतूरपर्यंत आपल्याकडे उत्तम पंप होतात. पण बिडाचं शरीर क्लोरीनच्या पाण्यात गंजतं, टाइल्सवर तांबूस डाग पडतात, शिवाय त्याला केस अडवायची बास्केट नसते. म्हणून पूलचा पंप फायबर मिसळलेल्या प्लास्टिकचा असतो.

मोटरचा मोठा शत्रू मात्र त्याच खोलीत ठेवलेला असतो: हायपोचे (पातळ क्लोरीनचे) कॅन, ॲसिडचा ड्रम, टीसीसीएच्या (क्लोरीनच्या पावडरीच्या) बादल्या. ‘जागा कुठे आहे साहेब?’ हे उत्तर पाठ आहे. त्यांच्या वाफांनी पॅनेलमधले कॉन्टॅक्टर हिरवे पडतात, एक फेज सुटतो आणि उरलेल्या दोनांवर मोटर जळते. दोष पुन्हा पंपाला. हायपोत ॲसिड सांडलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि टीसीसीएत ब्लीचिंगची पावडर मिसळली तर आग लागू शकते. नवा पंप बसवायच्या आधी मी ही रसायनं एकमेकांपासून लांब, बाहेर हलवून घेतो. सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी बघतो. पूलमध्ये ओली माणसं असतात, तिथे अर्थिंग ही माझ्याशी घासाघीस करायची बाब नाही.

थ्री फेज मोटर बदलली, की दिशा तपासायला विसरू नये. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी पाणी त्याच बाजूने देतो, फक्त कमी. त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि बाहेर केबलचं काम होऊन फेज उलटले तर जुनाही पंप असाच ‘म्हातारा’ होतो. पॅनेलमधल्या दोन वायरी बदलल्या, की तरुण.

पावसाळ्यातल्या पंपरूमवर वेगळा लेख होईल. २६ जुलै २००५ किंवा महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली तो २७ जुलै २०१९, अशा दिवशी उल्हास आणि वालधुनीच्या बाजूच्या बेसमेंटांचं काय होतं, ते कल्याणकरांना ठाऊक आहे. पाण्यात बुडालेली मोटर चालू करून बघू नका. ती सोडवायची, गोड्या पाण्याने धुवायची, वाइंडिंगवाल्याच्या भट्टीत सुकवायची आणि मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर, किमान एक मेगाओम दिसल्यावरच जोडायची. बेअरिंग नवीच. पाणी उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी घाईने स्विच दाबला, तर वाचणारी मोटरही जाते.

आता पाच एचपीला नाही म्हणण्याचं शेवटचं कारण. पूलच्या तळाशी ड्रेन असतो आणि पंप तिथून ओढतो. जून २००२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया ग्रॅम बेकर ही सात वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या कुंडात अशाच ड्रेनला ओढली जाऊन दगावली. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची ती नात. तिच्या नावाने २००७ साली तिथे कायदा झाला आणि सार्वजनिक तलावांना न अडकवणारी ड्रेनची झाकणं सक्तीची झाली. एकच ड्रेन, सपाट जाळी, त्यावर पाचचा पंप, असा मेळ मला इथेही दिसतो. अंग जाळीवर बसलं, की पंपाची सगळी ओढ त्या अंगावर येते. दोन ड्रेन हवेत, एकमेकांपासून मीटरभर तरी लांब, एकाच पाइपला जोडलेले. झाकणं फुगीर, स्टीलच्या स्क्रूंनी घट्ट. पंप बदलायला आलो, की मी माणूस तळाला पाठवून हे स्क्रू बघून घेतो. झाकण तुटलेलं असेल तर नवा पंप जोडून ठेवतो, पॅनेलचा फ्यूज काढून खिशात टाकतो, आणि झाकण बसेपर्यंत सेक्रेटरींचे फोन घेत राहतो.