पालममधून समुद्राची टिपणं

भाचा पुण्यात नोकरीला आहे. त्याचा कंपू सगळा आपल्याकडचाच: परभणी, गंगाखेड, लोहा, एक जण तर इथला, पालमचा. येत्या फेब्रुवारीत हे सगळे मालदीवला जाणार आहेत. हॉटेलात राहणार नाहीत. आठवडाभर बोटीवरच झोपायचं, तिथेच जेवायचं आणि दिवसातून तीन-चार वेळा पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जायचं. अशा बोटीला लिव्हअबोर्ड म्हणतात. त्याला फोनवर विचारून आणि थोडं वाचून ही टिपणं लिहीत आहे.

*

पालमहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या पुढे. आमचं पाणी म्हणजे गंगा (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो), गळाटी आणि लेंडी. लेंडीला पूर आला की पुयणीकडची वाट बंद होते आणि पेपरात ‘संपर्क तुटला’ अशी बातमी येते. हौसेनं नावेत बसायचं तर जांभूळबेट. गोदावरीच्या पात्रातलं हे बेट दर मोठ्या पुरात कडेनं ढासळतं. बेटावर जायला बोट लागते एवढाच आमच्या तालुक्याचा आणि मालदीवचा संबंध.

*

बोटीवर राहायचंच कशाला? मालदीवची प्रवाळबेटं उत्तर-दक्षिण आठशे किलोमीटरहून जास्त पसरलेली आहेत. एका बेटावर मुक्काम केला की त्याच्या आजूबाजूचंच पाणी दिसतं. बोट रात्री नाही तर दोन बुड्यांच्या मधे पुढे सरकते, आणि किनाऱ्यावरून येणाऱ्या बोटी पोचण्याआधी हे लोक पाण्यात उतरलेले असतात.

तिथे खरं तर दोन बोटी असतात. मोठीवर झोपणं-जेवणं. बरोबर धोनी म्हणतात अशी एक दुसरी बोट चालते, तिच्यावर टाक्या, कॉम्प्रेसर, ओले सूट. हवा भरायच्या कॉम्प्रेसरचा आवाज फार असतो म्हणून तो बिऱ्हाडापासून लांब. शहाणपणाची व्यवस्था. आमच्याकडे पिठाची गिरणी घराखालीच असते.

*

दिवस असा: उजाडताच उठायचं, चहा-बिस्किट, फळ्यावर नकाशा काढून सूचना, पहिली बुडी. मग नाश्ता. दुसरी बुडी. जेवण, डुलकी. तिसरी. एखाद्या दिवशी अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन चौथी. मधल्या वेळात खालच्या दाबानं अंगात मुरलेला नायट्रोजन उतरू द्यायचा, म्हणजे पडून राहायचं. भाच्याची आई म्हणाली, “म्हणजे खायचं, झोपायचं आन् डुंबायचं. म्हशीला दीड लाख नाही पडत.”

*

दीड लाखाचं. आठवड्याची बोट आणि विमान धरून माणशी सव्वा-दीड लाख सहज जातात. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, म्हणजे तीसेक क्विंटल सोयाबीन. आणि बाजारात तो भावही त्या हंगामात मिळत नव्हता. मी हा हिशेब भाच्याला सांगितला नाही. पोरं स्वतःच्या पगारातून जातात.

*

विहीर.

आमच्या पिढीनं पोहणं विहिरीत शिकलं. पाठीला सुकलेला भोपळा नाही तर रिकामा डबा बांधायचा आणि कुणीतरी मागून ढकलायचं. पुढे पैज लागायची ती तळाचा गाळ मुठीत घेऊन वर येण्याची. विहिरीची खोली आम्ही परसात सांगतो. परस म्हणजे पाच-सहा फूट. पाच परस पाण्याच्या तळाशी कानाला दडे बसायचे, कुणाकुणाचा कान दोन दिवस ठणकायचा. का, ते मास्तरही सांगत नसत. दहा मीटर पाण्याचं वजन एका वातावरणाएवढं असतं. म्हणजे आमच्या त्या गाळाशी दाब जवळजवळ दुप्पट झालेला असे. डायव्हरला पहिल्या दिवशीच शिकवतात की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान मोकळे होतात, आणि हे दुखायच्या आधी करायचं. खोबरेल तेलाचे बोळे घालून बसलेली आमची सगळी पिढी या एका वाक्यावाचून राहिली.

पण मला जास्त नवल वाटलं ते दमाचं. विहिरीत सगळी प्रतिष्ठा दम धरण्याची. किती वेळ खाली राहिला, यावर पोराची किंमत. टाकी घेऊन उतरलेल्यानं मात्र दम धरायचाच नाही. कारण सरळ आहे. विहिरीत आम्ही वरूनच छाती भरून जायचो. खाली ती हवा दाबानं आकसायची, वर येताना पुन्हा होती तेवढी व्हायची. टाकीवाला खालच्या दाबाचीच हवा छातीत घेतो. दहा मीटरवर भरलेली छाती तशीच बंद ठेवून तो वर आला तर ती हवा दुप्पट होते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून श्वास चालू ठेवायचा, मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगानं वर यायचं नाही, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. पट्टीचा पोहणारा इथे उलट जास्त धोक्यात, असं भाचा म्हणतो. त्याला पन्नास वर्षांची सवय मोडावी लागते.

*

टाकीतली हवा मागेल तेवढीच देणारी झडप 1943 साली फ्रान्समध्ये झाली. झाक कुस्तो नौदलातला, एमिल गान्यां इंजिनियर. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवत; त्या गॅससाठी गान्यांनं बनवलेल्या झडपेत फेरफार करून त्यांनी ती माणसाच्या तोंडाला लावली. पुढे कुस्तोनं सुरुंग काढायची एक जुनी लढाऊ बोट नाममात्र भाड्यानं घेतली, तिचं नाव कॅलिप्सो, आणि तिच्यावर माणसं महिनोन् महिने राहून बुड्या मारू लागली. हल्लीच्या सगळ्या लिव्हअबोर्ड तिच्या लेकी-सुना.

*

हवेचा हिशेब पोरांनाही पाठ हवा. बारा लिटरच्या टाकीत दोनशे बार दाबानं भरलेली हवा म्हणजे 2,400 लिटर. वीस मीटरवर दाब तिप्पट, म्हणून प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा जाते. घाबरलेला माणूस त्यातही दुप्पट ओढतो. आणि घोळक्यात ज्याची हवा आधी संपत येते त्याच्यासाठी बहुधा सगळ्यांचीच बुडी संपते. पंढरीच्या वाटेवर दिंडी म्हाताऱ्याच्या पावलानं चालते, तसंच. कंपूतला लोह्याचा गडी धिप्पाड आहे, सगळ्यात आधी त्याचीच टाकी रिकामी होणार, यावर आत्तापासून चेष्टा चालू आहे.

*

मोजदाद. 1998 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन जोडपं पाण्याखाली असतानाच बोट परत गेली. डोकी नीट मोजली नाहीत. दोघं राहिले हे बोटीवाल्यांना दोन दिवसांनी कळलं, तेही बोटीवर सापडलेल्या त्यांच्या सामानावरून. ती दोघं पुन्हा सापडली नाहीत.

मी भाच्याला बजावलं आहे: नाव पुकारलं की दुसऱ्याच्या वतीनं ‘हजर’ म्हणायचं नाही. कॉलेजची सवय आहे यांना.

*

याहून महत्त्वाचा प्रश्न, जो बोट ठरवताना कुणी विचारत नाही: रात्री जागा कोण असतो?

2 सप्टेंबर 2019, कॅलिफोर्निया. कन्सेप्शन नावाची डायव्हिंग बोट पहाटेच्या अंधारात पेटली. प्रवासी खालच्या मजल्यावर, एकावर एक बिछान्यांत झोपलेले. 34 माणसं गेली. चौकशीत निघालं की रात्रभर फेरी मारणारा पहारेकरी ठेवलेलाच नव्हता. 2024 मध्ये कप्तानाला चार वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला लाल समुद्रात सी स्टोरी ही लिव्हअबोर्ड पहाटे उलटली. आतल्या हवेवर तग धरून राहिलेल्या काहींना दुसऱ्या दिवशी जिवंत बाहेर काढलं, सगळ्यांना नाही.

आपल्याकडेही 24 मे 2022 ला तारकर्लीत स्कूबाहून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटून दोन पर्यटक गेले. पाण्याखाली जाऊन आलेली माणसं पाण्यावर गेली. या खेळात सगळी भीती खालची घालतात. धोका पुष्कळदा बोटीत असतो.

तेव्हा बोटीला जागल्या हवा, मोबाईल-कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या झोपायच्या जागेत रात्रभर चार्जिंगला लावायच्या नाहीत, आणि पहिल्याच दिवशी केबिनमधून बाहेर पडायची दुसरी वाट चालून पाहायची.

*

खाणं. एक जण माळकरी आहे. बोटीवर शाकाहार मिळतो, पण मिळतो म्हणजे नूडल्स, उकडलेल्या भाज्या आणि पाव. म्हणून धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि येसर जाणार. येसर नुसतं गरम पाण्यात घातलं की आमटी. बोटीच्या आचाऱ्याकडून फक्त आधण घ्यायचं. त्या आठवड्यात एकादशी येते आहे. उपवासाला हरकत नाही, पाणी मात्र भरपूर प्यायचं, अंगात पाणी कमी असलं की दाबाचा आजार व्हायचा धोका वाढतो. निर्जळी अजिबात नाही. तो तयार झाला आहे.

*

आता आंग्रिया बँक. खरं तर वही घेतली ती यासाठी.

विजयदुर्गपासून पश्चिमेला सुमारे 105 किलोमीटरवर, भर समुद्रात, पाण्याखाली एक पठार आहे. उत्तर-दक्षिण चाळीसेक किलोमीटर लांब, रुंदी जास्तीत जास्त पंधरा. वर काहीच दिसत नाही, बेट नाही, खडकाचं टोकही नाही. माथा पाण्याखाली वीस मीटरवर. त्यावर प्रवाळ आहे. नाव सरखेल कान्होजी आंग्र्यांवरून पडलं. 1729 मध्ये ते वारले. इंग्रजांना त्यांना नमवता आलं नाही, तरी समुद्राच्या नकाशावर नाव मात्र त्यांचं राहिलं.

आपल्या राज्यासमोर लिव्हअबोर्डची खरी गरज पडते ती इथे. दहा नॉटच्या चालीनं बोटीला जायला साडेपाच-सहा तास, यायला तेवढेच. दिवसात जाऊन येऊ म्हणेल त्याचा सगळा दिवस वाटेतच संपेल. म्हणजे राहावंच लागतं, आणि आडोसा कसलाच नाही. आजवर गेले ते मुख्यतः संशोधक. 2019 च्या डिसेंबरात वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन सोसायटीच्या पुढाकारानं एक तुकडी जाऊन पाहणी करून आली. नवशिक्याला पहिल्या प्रमाणपत्रावर अठरा मीटरपर्यंतच उतरता येतं, आणि हा डोंगर सुरूच होतो वीसवर. निसर्गानं दारावरच पाटी लावली आहे.

कायद्याची गंमत वेगळीच. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे 22 किलोमीटर, आपली प्रादेशिक हद्द. त्यापुढे दोनशे मैलांपर्यंत आर्थिक क्षेत्र. आंग्रिया त्या दुसऱ्या पट्ट्यात. तिथे अभयारण्य काढायला नेहमीचा वन्यजीव कायदा पुरत नाही, 1976 चा सागरी क्षेत्रांचा कायदा लागतो, आणि तो दिल्लीच्या हातात.

तिथे पर्यटकांची बोट न्यावी का? भाचा म्हणतो, न्यावी, लोकांनी पाहिलं तरच जपतील. मला पटत नाही. एक नांगर पडला की शंभर वर्षांचं प्रवाळ मोडतं. आधी बोटी बांधायला कायमचे तरंगते खुंटे ठोका, मग बोटी सोडा. आणि मालवणला काय झालं ते बघा ना. 1987 मध्ये तिथे 29 चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य कागदावर आलं, त्याला मच्छीमारांचा विरोध झाला, आणि आज सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्कूबा म्हणजे पाठीमागून गाईड धरतो, पाव दाखवून मासे गोळा करतात, व्हिडिओ पॅकेजमध्ये. तारकर्लीत पर्यटन महामंडळाची रीतसर प्रशिक्षण संस्था आहे, तिथे शिस्तीनं शिकता येतं. गर्दी मात्र पावाकडे.

*

त्याच किनाऱ्यासमोर निवतीच्या खडकांजवळ नौदलाचं निवृत्त जहाज गुलदार बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे. जहाज 2025 मध्ये महामंडळाच्या ताब्यात आलं. हे मला आंग्रियापेक्षा बरं वाटतं. लोखंड आहे, लोकांनी हात लावला तरी बिघडणार काय? आणि किनाऱ्याजवळ, रात्री घरी येऊन भाकरी खाता येईल.

*

आमच्या गंगेत कुणी बुडालं की उतरतात ते गावातले भोई. टाकी नाही, चष्मा नाही. पावसाळ्यात पाणी चहासारखं, हाताला लागेल तेच खरं. मालदीवला वीस-तीस मीटर लांबचं स्वच्छ दिसतं म्हणे. तालुक्याला दोन टाक्या, दोन सूट आणि चार शिकवलेले भोई मिळाले तर किती खर्च येईल, हे मी भाच्याला काढायला सांगितलं आहे. तो म्हणाला, आकडा आणतो, अर्ज तुम्ही लिहा. लिहीन.

*

मालदीवहून निघायच्या आदल्या दिवशी बुडी बंद. अंगातला नायट्रोजन उतरावा म्हणून शेवटच्या बुडीनंतर किमान अठरा तास विमानात बसायचं नाही.

*

बोटवाल्यांनी आरोग्याचा फॉर्म पाठवला. दमा, फिट, हृदय, कानाचं ऑपरेशन. एकाला जरी ‘हो’ लिहिलं तर डॉक्टरची सही लागते. आमच्या पालमच्या गड्याला लहानपणी दमा होता. तो फॉर्म घेऊन गंगाखेडला गेला. डॉक्टरांनी दोन्ही पानं वाचली, विचारलं, “कुठल्या विहिरीत उतरणार?” समुद्रात, तीस मीटर, म्हटल्यावर त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि छातीच्या तज्ज्ञाकडे परभणीला चिठ्ठी दिली. फुंकून बघायची तपासणी पुढच्या मंगळवारी आहे. बोटीचे पैसे अर्धे भरून झालेत.